चिलटाला कसला आलाय कॅन्सर?

पिकलेली केळी दोन दिवस ओट्यावर राहिली की त्यांच्याभोवती चिलटं भिरभिरायला लागतात. लांबी जेमतेम तीन मिलिमीटर. या किड्यावर प्रतिकारशक्तीचा आणि कॅन्सरचा अभ्यास होतो असं सांगितलं की ऐकणाऱ्याला ते खरं वाटत नाही.

पहिला घोटाळा नावाचाच आहे. या चिलटालाही फळमाशी म्हणतात, पण ‘फळमाशी’ म्हटलं की आंबा-बागायतदाराला आठवते ती बॅक्ट्रोसेरा. ती चांगल्या फळाला डंख मारून आत अंडी घालते आणि तिच्यासाठी बागेत सापळे टांगावे लागतात. प्रयोगशाळेतली माशी वेगळी, तिचं नाव ड्रोसोफिला मेलॅनोगॅस्टर. ती आंबलेल्या फळांवरच्या यीस्टवर जगते. पंचवीस अंश तापमानात अंड्यापासून उडणारी माशी व्हायला साधारण दहा दिवस लागतात. म्हणजे एका पावसाळ्यात बारा पिढ्या पाहून होतात. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत (टीआयएफआर) ओबेद सिद्दीकी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हिच्यावरच संशोधन केलं.

‘एवढ्याशा जिवाला कसली प्रतिकारशक्ती?’ हा प्रश्न तर हमखास येतो. माशीच्या शरीरात अँटिबॉडी नसतात, हे खरं. पण कुजक्या फळावर, जंतूंच्या गराड्यात तिचा जन्म जातो आणि तरी ती तगते. कशी? याचं उत्तर टोल नावाच्या जनुकापाशी सापडलं. जर्मनीत क्रिस्टियाने न्यूसलाइन-फोलहार्ड यांच्या प्रयोगशाळेत ते आधी ओळखलं गेलं ते भलत्याच कामासाठी: गर्भाची पाठ कुठली आणि पोट कुठलं, हे ते ठरवतं. पुढे १९९६ साली स्ट्रासबर्गमध्ये ज्यूल्स हॉफमन, ब्रुनो लमेत्र आणि सहकाऱ्यांनी टोल बिघडलेल्या माश्यांना बुरशीचा संसर्ग दिला. त्या काही दिवसांत मेल्या. त्यातल्या एका मेलेल्या माशीच्या अंगावर बुरशीचे तंतू केसांसारखे वाढलेले दिसतात. ते छायाचित्र मला कुठल्याही आलेखापेक्षा बोलकं वाटतं.

पुढच्याच वर्षी माणसात टोलसारखं जनुक मिळालं. १९९८ मध्ये ब्रूस बॉयटलर यांनी उंदरांत दाखवून दिलं, की जिवाणूंच्या आवरणातलं विष ओळखण्याचं काम याच कुळातलं एक जनुक करतं. माणसात अशी दहा आहेत. २०११ च्या नोबेलमध्ये हॉफमन आणि बॉयटलर दोघेही होते. अँटिबॉडी नसणं ही इथे माशीची उणीव ठरली नाही. जन्मजात प्रतिकाराचं यंत्र तिच्यात एकटंच चालताना दिसतं, म्हणून ते उलगडता आलं.

आता कॅन्सर. कीटकांना तो होत नाही, अशी समजूत आहे. एलिझाबेथ गाटेफ यांनी १९६० च्या दशकातच तिला धक्का दिला. एका ठरावीक जनुकाच्या दोन्ही प्रती बिघडल्या की अळीच्या मेंदूतल्या पेशी बेसुमार वाढतात. त्या ऊतीचा तुकडा निरोगी माशीच्या पोटात रोवला, तर तो तिथेही वाढतो, पसरतो आणि तिचा जीव घेतो. माशीत प्रथम सापडलेलं ‘पॅच्ड’ हे जनुक माणसात बिघडलं की बेसल सेल नावाचा त्वचेचा कॅन्सर होतो, हे १९९६ मध्ये कळलं. हे जनुक पेशींतल्या ज्या संदेशसाखळीचा भाग आहे, तिला रोखणाऱ्या व्हिस्मोडेगिब या औषधाला २०१२ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली. औषध माशीने शोधलं नाही, पण नेम कुठे धरायचा हे तिच्यामुळे समजलं.

‘माशीत जमलं म्हणजे माणसात जमणार’ हा उलट टोकाचा गैरसमज मला जास्त काळजीचा वाटतो, कारण तो रुग्णाच्या आशेशी खेळतो. माशीला स्तन नाहीत, फुप्फुसं नाहीत, आपल्यासारख्या बंद रक्तवाहिन्याही नाहीत. टोलसुद्धा माशीत बुरशीला थेट ओळखत नाही. मधलं एक निरोप्या प्रथिन त्याला जागं करतं. तेव्हा माशीत जे दिसतं, ते उंदरात, मानवी पेशींत आणि शेवटी रुग्णांवरच्या चाचण्यांत टिकलं तरच त्यावर भिस्त ठेवायची.

तरीही प्रतिकारशक्ती आणि कॅन्सर या दोन विषयांचा धागा तिच्या शरीरात जुळताना दिसतो, तेव्हा थक्क व्हायला होतं. गाठ असलेल्या अळीची श्वासनलिका आणि चरबीची ऊती डिफेन्सिन नावाचं प्रथिन सोडतात. एरवी ते जंतू मारतं. इथे ते गाठीतल्या पेशींना चिकटून त्यांना मारतं, शेजारच्या निरोगी पेशींना मात्र हात लावत नाही.