चाळिशीत हाताला वळण

मागच्या उन्हाळ्यात विज्ञान शिक्षकांच्या एका शिबिरात चहाच्या सुट्टीत एका शिक्षकांनी आम्हांला बाजूला घेतले. "आमचे मेहुणे बेचाळीस वर्षांचे आहेत. कंपनीतले हिशेबाचे काम सुटले. आता वेल्डिंग शिकायचे म्हणतात. या वयात हात वळतो का हो?" आमचे क्षेत्र भौतिकीचे, प्रश्न मेंदूचा. तेव्हा आम्ही काहीतरी गुळमुळीत उत्तर देऊन वेळ मारून नेली. परतीच्या गाडीत मात्र लक्षात आले की निम्मे उत्तर आमच्या प्रयोगशाळेच्या शेजारच्याच खोलीत आहे. उरलेले निम्मे वाचून काढले. दोन्ही येथे देत आहोत.

शेजारच्या त्या खोलीत काचकाम चालते. निर्वात यंत्रणेच्या नळ्या, तोट्या, शीतसापळे अशी उपकरणे बाजारात आपल्या मापाची मिळत नाहीत, ती करवून घ्यावी लागतात. ही खोली ज्यांनी तीस वर्षे सांभाळली त्यांना सगळी संस्था 'मामा' म्हणे. मामांच्या निवृत्तीला दोन वर्षे राहिली असताना, त्यांच्या जागी नवी भरती होणार नाही असे कळले. त्याच सुमारास भांडारात काम करणारे एक कारकून आपणहून पुढे आले. वय त्रेचाळीस. त्यांना सारे 'भाऊ' म्हणतात. "मला शिकवाल का?" एवढेच त्यांनी मामांना विचारले.

काम कसे असते ते थोडक्यात सांगायला हवे. बोरोसिलिकेट काच सुमारे ८२० अंश सेल्सिअसला मऊ पडू लागते. जोडकामासाठी ती याहून कितीतरी अधिक तापवावी लागते. ज्योतीत धरलेले नळीचे टोक काकवीसारखे होते आणि लोंबू लागते. त्यावर उपाय एकच, नळी सतत फिरवत राहणे. दोन हातांत दोन नळ्या आणि मध्ये मऊ झालेला सांधा. एक हात जरासा पुढे गेला की सांध्याला पीळ पडतो. त्याच वेळी तोंडात धरलेल्या रबरी नळीतून हलकी फुंकर घालून काचेची जाडी सगळीकडे सारखी करायची. भाऊंनी पहिले चार महिने फक्त नळ्या फिरवल्या. कार्यालयातली मंडळी दाराशी येऊन गंमत बघून जात.

आता मेंदूकडे वळू. 'शिकणे' हा एकच शब्द आपण दोन निराळ्या गोष्टींना वापरतो. १९५३ साली अमेरिकेत हेन्री मोलायसन नावाच्या २७ वर्षांच्या तरुणावर अपस्मारासाठी शस्त्रक्रिया झाली. मेंदूच्या दोन्ही बाजूंचा हिप्पोकॅम्पस हा भाग बराचसा काढावा लागला. त्यानंतर नवी कोणतीही घटना त्याच्या लक्षात राहीना. ब्रेंडा मिल्नर या संशोधिकेने त्याला आरशात पाहून चांदणी गिरवायला दिली. तीन दिवसांत त्याचा हात सफाईने चालू लागला, पण हे काम आपण पूर्वी केले आहे, हे काही त्याला आठवत नव्हते. १९६२ साली हा प्रयोग प्रसिद्ध झाला. सनावळी लक्षात ठेवणारी व्यवस्था आणि हाताला वळण लावणारी व्यवस्था वेगवेगळ्या आहेत, हे त्यातून स्पष्ट झाले. हाताच्या वळणात लहान मेंदूचा आणि मेंदूच्या खोलवरच्या गाभ्यांचा मोठा वाटा असतो.

हा प्रयोग शिक्षकांच्या खोलीत सहज करता येतो. कागदावर एक चांदणी काढा आणि तिच्या आत अर्धा सेंटिमीटर अंतर राखून दुसरी. समोर आरसा उभा करा, हात आणि कागद थेट दिसू नयेत म्हणून पुठ्ठ्याचा आडोसा करा, आणि आरशात पाहून दोन रेषांच्या मधल्या वाटेने पेन्सिल फिरवा. लागलेला वेळ आणि रेषेबाहेर गेल्याच्या चुका लिहून ठेवा. रोज पाच वेळा, असे चार दिवस. आठवीतल्या एका मुलालाही सोबत घ्या. दोघांचे आलेख एका कागदावर काढले की कदाचित तुमची रेषा वर असेल, म्हणजे तुम्हांला वेळ जास्त लागलेला असेल. उतार मात्र दोन्ही रेषांना दिसेल.

वयाने काहीच बिघडत नाही असे आम्ही म्हणणार नाही. डोळ्यातले भिंग ताठर होत जाते. दहा वर्षांच्या मुलाला सात-आठ सेंटिमीटरवरचे स्पष्ट दिसते, चाळिशीत ते अंतर वीसच्या पुढे जाते. चष्म्याला आपल्याकडे 'चाळिशी' म्हणतात ते उगाच नव्हे. काचकाम करणाऱ्याला ज्योतीतला सोडिअमचा पिवळा झगझगाट अडवणारा डिडिमिअमचा चष्मा लावावा लागतो. तो आपल्या चाळिशीवर कसा बसवायचा, यातच भाऊंचे दोन आठवडे गेले. शेवटी चाळिशीच्याच नंबरात ती काच करवून घेतली. प्रतिक्रियेचा वेगही वयानुसार मंदावतो. पण कारागिरीत वेग म्हणजे निव्वळ चपळाई नव्हे. अमेरिकेतील सॉल्टहाउस यांनी १९८४ मध्ये १९ ते ७२ वर्षे वयाच्या टंकलेखकांची तपासणी केली. नुसती बोटे आपटण्यात वयस्क मागे पडले, मजकूर टंकण्यात पडले नाहीत. बोटे एका अक्षरावर असताना त्यांची नजर तरुणांपेक्षा अधिक अक्षरे पुढे गेलेली असे.

याहून मोठी अडचण वेगळीच आहे. भाऊंच्या सातव्या महिन्यात सांधे जसेच्या तसे वाकडे येऊ लागले. चौथ्या-पाचव्या महिन्यात दिसलेली सुधारणा जणू थिजली. एका दुपारी ते आम्हांला म्हणाले, "साहेब, मी आपला भांडारात परत जातो." अशा अवस्थेची नोंद जुनी आहे. ब्रायन आणि हार्टर या संशोधकांनी १८९७ आणि १८९९ मध्ये तारायंत्र चालवणाऱ्यांचे शिक्षण आलेखावर मांडले. संदेश ऐकून घेण्याचा वेग काही आठवडे वाढे, मग बराच काळ सपाट राही, आणि पुन्हा वर जाई. त्यांचे स्पष्टीकरण असे की या पठारावर शिकणारा थांबलेला नसतो. सुटी अक्षरे ऐकणारा कान त्या काळात अख्खे शब्द ऐकू लागण्याच्या तयारीत असतो. पुढच्या संशोधकांना हे पठार दरवेळी सापडले नाही, हेही सांगायला हवे. पण ज्याला ते लागते, त्याची पंचाईत खरी असते. अठरा वर्षांच्या मुलाला पठारावर सहा महिने बसणे परवडते. घरभाडे आणि मुलांची फी देणारा माणूस तेथूनच परत फिरतो.

भाऊंचे पठार कशाने संपले, याबद्दल आमचा एक तर्क आहे. काचेचा सांधा झटकन थंड झाला तर आत ताण राहतो. म्हणून तो सुमारे ५६० अंशांच्या भट्टीत ठेवून सावकाश निववतात. ताण राहिलेला सांधा त्या वेळी उत्तम दिसतो आणि दुसऱ्या दिवशी तडकतो. म्हणजे चूक आज आणि तिची खबर उद्या! आम्ही भाऊंना दोन ध्रुवण-पटले काटकोनात बसवून दिली. त्यांच्यामध्ये धरलेली ताणरहित काच काळोखी दिसते, ताण असेल तेथे लख्ख उजेड दिसतो. (पारदर्शक प्लॅस्टिकची पट्टी धरून वर्गात रंगीत पट्टे जरूर दाखवावेत.) आता चूक त्याच मिनिटाला कळू लागली.

दुसरी गोष्ट भाषेची. मामा पोरांना शिकवताना "अरे गाढवा, हात बघ तुझा!" असे ओरडत. भाऊ कार्यालयातले, वयाने जाणते, म्हणून त्यांच्याशी सगळे अहो-जाहो. "जरा डावा हात बघता का?" असे मामा म्हणेपर्यंत नळी लोंबलेली असे. एकदा घाईत त्यांच्या तोंडून "अरे, थांब!" निघाले. भाऊ थांबले आणि सांधा वाचला. त्यानंतर खोलीत अरे आणि बाहेर अहो, असा अलिखित करार झाला. मोठ्यांना शिकवताना आपला आदरच आड येतो, हे आमच्या तरी पूर्वी ध्यानात आले नव्हते.

प्रौढ मेंदूची घडण खरोखर बदलते का? लंडनच्या टॅक्सीचालकांना परवान्यासाठी चेरिंग क्रॉसपासून सहा मैलांच्या आतले सुमारे २५,००० रस्ते पाठ करावे लागतात. त्यात तीन-चार वर्षे जातात. वूलेट आणि मॅग्वायर यांनी अशा ७९ उमेदवारांच्या मेंदूची चित्रे आधी घेतली आणि त्यांतल्या बऱ्याच जणांची नंतर पुन्हा घेतली. २०११ मध्ये निष्कर्ष आले. उत्तीर्ण झालेल्या ३९ जणांच्या हिप्पोकॅम्पसचा मागचा भाग वाढला होता, अनुत्तीर्णांचा नव्हता. ही रस्त्यांची स्मृती, हाताचे कसब नव्हे. पण २००८ मध्ये जर्मनीत साठीच्या आसपासच्या लोकांना तीन चेंडू झेलायला शिकवले, तेव्हाही मेंदूत फरक दिसला. तरुणांइतक्या जणांना ते जमले नाही, आणि सराव सोडल्यावर फरकही ओसरला. लंडनच्या आकड्यांत आम्हांला निम्मे गळालेले लोक जास्त अस्वस्थ करतात. तीन-चार वर्षे देऊनही परवाना न मिळालेल्या माणसाने घरी काय सांगितले असेल?

आपल्याकडे हा हिशेब नवा नाही. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या मुंबईच्या गिरणी संपात सुमारे अडीच लाख कामगार होते. त्यांतले अनेक जण पुन्हा साच्यावर उभे राहिलेच नाहीत. वीस-वीस वर्षे हातात कसब बाळगलेली माणसे ऐन चाळिशीत पहारेकरी झाली, भाजीची टोपली घेऊन बसली. त्यांच्या मेंदूची शिकण्याची ताकद संपली होती असे मानायला आधार नाही. शिकेपर्यंत घर चालेल अशी सोय नव्हती. औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत जोडारी, कातारी, संधाता अशा व्यवसायांना प्रवेशासाठी किमान वय १४ आहे, कमाल मर्यादा नाही. दार उघडे असले तरी एक-दोन वर्षे बिनपगारी बाकावर बसण्याची ऐपत किती जणांची असते?

मेहुण्यांबद्दल विचारणाऱ्या त्या शिक्षकांना आम्ही नंतर पत्र लिहिले. हात वळेल, वर्षभर पुरेल एवढी शिल्लक, चाळिशीच्या नंबराची काच बसवलेला मुखवटा आणि चूक तिथल्या तिथे दाखवणारा वस्ताद, या तीन गोष्टी आधी पाहा, असे कळवले.

मामा ठरल्या वेळी निवृत्त झाले. भाऊ आता आमचे शीतसापळे करतात. गुंतागुंतीच्या तोट्या अजून बाहेरून आणतो. कागदोपत्री ते भांडारातलेच कारकून आहेत. काचकामाचे पद नसल्याने त्या कामाची बढती नाही, आणि भांडारात काम न केल्याने तिथलीही नाही. पदनाम बदलण्याचा आमचा अर्ज पुढे गेला आहे. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी भाऊ त्याची चौकशी करून येतात आणि पुन्हा ज्योत पेटवतात.