मागच्या गाडीचा ब्रेक

होडीच्या ट्रेलरला विजेचा ब्रेक कसा बसवितात, हा विषय आमच्यासारख्या कामगार चळवळीतल्या माणसाने का निवडावा, असा प्रश्न आपणांपैकी काहींच्या मनात आला असेल. विषय अमेरिकेतला आहे. तेथे सरोवरे पुष्कळ, आणि आपली छोटी होडी दोन चाकांच्या ट्रेलरवर घालून मोटारीमागून पाण्यापर्यंत नेण्याची हौस साध्या कारागिराच्या घरीही असते. आपल्याकडे ही हौस फारशी नाही. परंतु मागे जोडलेले ओझे कोणी आवरावयाचे, हा प्रश्न सर्वत्र एकच आहे. आणि वाहतूक कामगारांत ज्यांनी दिवस काढले, त्यांना तो परका वाटण्याचे कारण नाही.

प्रथम थोडा हिशेब पाहू. मोटार १,२०० किलोंची आहे. होडी, तिचे इंजिन, इंधन आणि ट्रेलर मिळून वजन ९०० किलो आहे. एकटी मोटार ताशी ६० किलोमीटर वेगाने जात असता कोरड्या रस्त्यावर ब्रेक दाबल्यापासून २० मीटरांत थांबते, असे धरू. ट्रेलर जोडला की थांबवावयाचे वजन २,१०० किलो झाले. थांबविणारी चाके मात्र तीच चार. वजन पावणेदोनपट, म्हणून अंतरही पावणेदोनपट, म्हणजे ३५ मीटर. मधल्या १५ मीटरांत एखादे शाळेतले पोर रस्ता ओलांडीत असू शकते. वेग दुप्पट केला तर हे अंतर चौपट होते. शिवाय उतारावर किंवा वळणावर मागचे ओझे पुढच्या मोटारीला ढकलते, आणि मोटार व ट्रेलर कात्रीच्या पात्यांसारखे मिटतात.

मग कायदा काय म्हणतो? अमेरिकेतील अनेक राज्यांत एकूण वजन ३,००० पौंडांच्या, म्हणजे सुमारे १,३६० किलोंच्या आत असेल, तर ट्रेलरला ब्रेकची सक्ती नाही. युरोपात ही मर्यादा ७५० किलोंची आहे. म्हणजे आमच्या उदाहरणातला ट्रेलर एकीकडे ब्रेकावाचून चालतो आणि दुसरीकडे चालत नाही. रस्ता तोच, वजन तेच. आकडा मात्र माणसांनी ठरविलेला. म्हणून सक्ती नसतानाही ब्रेक बसवून घेणारे शहाणे लोक अमेरिकेत आहेत.

आता या ब्रेकाची रचना पाहू. विस्कॉन्सिनमधील बेलॉइट गावच्या आर्थर वॉर्नर या गृहस्थाने १९२० नंतरच्या दशकात तो प्रचारात आणला. चाकाबरोबर फिरणारा लोखंडी ड्रम आणि त्याच्या आत अस्तर लावलेले दोन अर्धवर्तुळाकार जोडे, एवढे तर नेहमीच्या ब्रेकासारखेच. फरक एवढाच, की जोडे फाकविण्याचे काम येथे विद्युत्चुंबक करतो. एका तरफेच्या टोकाला तो बसविलेला असतो. चालकाने ब्रेक दाबला की तारेतून वीज येते आणि चुंबक ड्रमच्या फिरत्या पृष्ठभागाला चिकटू पाहतो. फिरता ड्रम त्याला थोडा ओढून नेतो, तरफ वळते आणि जोडे ड्रमवर दाबले जातात. मौज अशी, की जोर विजेचा नव्हे, चाकाचा स्वतःचाच. वीज फक्त पकड घालते. म्हणून १२ व्होल्टांच्या बॅटरीतून एका चाकामागे तीन ते चार अँपिअर प्रवाह मिळाला तरी पुरतो.

बसविण्याचे काम चार भागांत होते. पहिला भाग अ‍ॅक्सलचा. त्याच्या दोन्ही टोकांना ब्रेकाची पाटी बोल्टांनी आवळण्यासाठी कडे लागते. पुष्कळ लहान ट्रेलरांना ते नसते. मग कडे नीट काटकोनात जोडून घ्यावे, नाहीतर अ‍ॅक्सलच बदलावा. दुसरा भाग तारांचा. ज्या ट्रेलरला फक्त दिवे आहेत त्याचा प्लग चार टोकांचा असतो; त्यात ब्रेकाची तार नसते. म्हणून सात टोकांचा प्लग घ्यावा लागतो, आणि परतीची तार गंजक्या सांगाड्याच्या भरवशावर न सोडता वेगळी ओढावी लागते. तिसरा भाग मोटारीतल्या नियंत्रकाचा. चांगल्या नियंत्रकाला मोटारीचा वेग किती झपाट्याने कमी होतो आहे हे कळते, आणि तो त्या प्रमाणात वीज सोडतो. मोकळ्या रस्त्यावर हळू चालवून त्याचे माप असे लावावे, की ट्रेलरची चाके जाम होण्याच्या थोडी अलीकडेच राहतील. ट्रेलर डुलू लागला तर याच नियंत्रकाची कळ हाताने दाबून एकट्या ट्रेलरचा ब्रेक लावता येतो, हा मोठाच फायदा.

चौथ्या भागाकडे वळण्यापूर्वी एक अडचण सांगितली पाहिजे. होडीचा ट्रेलर पाण्यात जातो. मागे मागे नेत त्याची चाके बुडवावी, तेव्हा होडी तरंगून सुटते. चुंबक, तार आणि लोखंड यांना पाणी मानवत नाही, खारे पाणी तर मुळीच नाही. म्हणून समुद्रकाठी बहुतेक लोक दुसरा ब्रेक पसंत करतात. पुढची मोटार मंदावली की ट्रेलर तिच्यावर रेटतो. त्या रेट्याने जोडाचा सरकता भाग मागे दबून तेलाचा दट्ट्या दाबला जातो आणि ब्रेक लागतो. त्यात वीज नको, पण चालकाच्या हाती स्वतंत्र ताबाही नाही. गोड्या सरोवरात क्वचित जाणाऱ्याने विजेचा ब्रेक घ्यावा, दर खेपेनंतर धुवावा आणि वर्षाला ड्रम उघडून पाहावा.

चौथा भाग सर्वांत लहान, पण आमच्या मते सर्वांत महत्त्वाचा. ट्रेलर तुटून सुटला तर वीज कोठून येणार? म्हणून ट्रेलरवरच एक छोटी बॅटरी आणि एक खटका ठेवतात. खटक्यात खुंटी असते आणि खुंटीला बांधलेली तार मोटारीच्या सांगाड्याला अडकविलेली असते. ट्रेलर सुटला की खुंटी उपसली जाते आणि त्याच्या स्वतःच्या बॅटरीवर ब्रेक पूर्ण लागतो. धंद्याच्या वाहनांसाठी अमेरिकेचा नियम असा, की तो निदान १५ मिनिटे लागून राहिला पाहिजे.

हा धडा रेल्वेने फार किंमत देऊन शिकविला आहे. अमेरिकेत पूर्वी मालगाडीच्या टपांवरून ब्रेकवाले धावत आणि डब्याडब्याचे चक्र हाताने फिरवीत; पावसात, बर्फात निसटून मरत. जॉर्ज वेस्टिंगहाऊसने १८६९ साली हवेच्या ब्रेकाचे पेटंट घेतले. त्या रचनेत नळी तुटली तर ब्रेकच नाहीसा होई. १८७२ साली त्याने ती उलटी केली: नळी तुटली की ब्रेक आपोआप लागावा. तरीही सर्व कंपन्यांवर सक्ती करणारा कायदा १८९३ साली झाला. तोही रेल्वे कामगारांच्या संघटनांनी आणि लोरेंझो कॉफिन नावाच्या आयोवातील एका शेतकऱ्याने पाठपुरावा केला तेव्हा. पेटंटापासून कायद्यापर्यंत चोवीस वर्षे गेली. उपाय माहीत नव्हता म्हणून नव्हे. त्याचा खर्च एकाच्या खिशातून आणि अपघात दुसऱ्याच्या अंगावर, म्हणून.

पश्चिम महाराष्ट्रात ऊस गळिताच्या हंगामात एका ट्रॅक्टरमागे दोन दोन ट्रॉल्या आपण पाहतो. त्यांतील अनेकींना स्वतःचा ब्रेक नसतो. उतारावर ट्रॉली अंगावर आली की लोक विचारतात, ड्रायव्हरने ब्रेक का लावला नाही? ट्रॉलीला ब्रेक होता का, हे कोणी विचारीत नाही. हौसेची होडी नेणारा मनुष्य आपल्या मुलाबाळांसाठी खुंटीचा खटका बसवितो. मजुरीने ट्रॅक्टर चालविणाऱ्याला ती निवड नसते. ती मालकाने आणि कायद्याने करावयाची असते. म्हणून यापुढे असा अपघात कानी आला, तर हा दुसरा प्रश्न आपण आधी विचारावा, एवढेच आमचे मागणे आहे.