बादुआनजिन : आठ हालचालींचा चिनी व्यायाम

बादुआनजिन हा चीनमधल्या छीगाँग परंपरेतला आठ हालचालींचा संच. सोंग राजवटीतल्या, म्हणजे बाराव्या शतकातल्या लेखनात त्याचा उल्लेख सापडतो. सेनापती यूए फेईने तो सैनिकांसाठी रचला असे सांगतात, पण ती दंतकथाच मानावी. अशा व्यायामांची मुळे मात्र त्याहून जुनी आहेत. हुनान प्रांतात मावांगदुई इथे इ. स. पू. 168 मधल्या थडग्यात सापडलेल्या रेशमी चित्रात व्यायाम करणाऱ्या 44 आकृत्या आहेत.

पहिल्या हालचालीत बोटे एकमेकांत गुंफून तळवे आभाळाकडे उचलतात. दुसरी धनुष्य ताणण्याची : पाय फाकवून, गुडघे वाकवून बसकण घ्यायची, एक हात काल्पनिक दोरी मागे ओढतो, दुसऱ्याची तर्जनी ताठ उभी राहते आणि नजर तिच्यावर खिळते. दिसायला सोपे, पण मांड्या लगेच बोलू लागतात! शेवटी टाचा उचलून हलकेच सोडायच्या, सात वेळा. श्वास सर्वत्र संथ.

परंपरेनुसार प्रत्येक हालचाल एखाद्या अवयवाशी जोडलेली असते. तिसरी प्लीहा आणि जठराशी. देहात वाहणारी ‘छी’ ही प्राणशक्ती आधुनिक उपकरणांनी मोजता आलेली नाही. तोल आणि लवचिकता सुधारण्यासाठी मात्र असा सावकाश व्यायाम उपयोगी पडतो, विशेषतः वयस्कांना. गुडघेदुखी असल्यास बसकण उथळ ठेवतात. 2003 साली चीनच्या क्रीडा प्रशासनाने प्रमाणित केलेला संच दहा-बारा मिनिटांत पूर्ण होतो.