गोळी निघून गेल्यावर

१८५७ सालच्या काडतुसांना गाईची आणि डुकराची चरबी लावलेली असल्याची बातमी छावण्यांत पसरली आणि पुढे काय झालं, हे शाळेतल्या पोरालाही ठाऊक असतं. चरबी कुणाची, यावर पानंच्या पानं लिहिली गेली. पण मुळात काडतुसाला चरबी फासायचीच कशाला, हे मात्र क्वचितच कुणी सांगतं. कारण अगदी रुक्ष आहे: नळी तुंबू नये म्हणून.

एनफिल्डची ती १८५३ च्या नमुन्याची रायफल तोंडाकडून ठासायची. दारू काळी, म्हणजे सोरा, कोळसा आणि गंधक यांचं मिश्रण. ही दारू जळल्यावर तिच्या वजनाचा निम्म्याहून जास्त भाग घनरूपात मागे उरतो. थोडा धुरातून उडून जातो, बाकीचा नळीत चिकटतो. गुळगुळीत नळीच्या जुन्या बंदुकीत गोळी सैल असायची, त्यामुळे हा थर बराच वेळ चालून जायचा. रायफलच्या नळीत मात्र आतून पिळाच्या खाचा कोरलेल्या असतात. त्यांच्यामुळे गोळी स्वतःभोवती फिरत जाते आणि सरळ जाते. त्या खाचांत काजळी सुकून कडक झाली, की पुढची गोळी गजाने खाली सरकेना. कागदी वेष्टनाला लावलेलं वंगण या काजळीला मऊ ठेवायचं. पुढे शिपायांनी स्वतःच मेण आणि तूप किंवा तेल आणून लावावं अशी मुभा दिली गेली, पण तोवर विश्वास उडालेला होता.

काळ्या दारूची घाण एका दृष्टीने प्रामाणिक असते. ती डोळ्यांना दिसते, हाताला लागते आणि पाण्यात विरघळते. आपल्या कोकणात पीकसंरक्षणाच्या परवान्यावर अजूनही ठासणीच्या बंदुका आहेत. त्यांची नळी कढत पाण्याने धुऊन, कोरडी करून, तेलाचा हात फिरवला की काम झालं. पाणी कढत घेण्यात शहाणपण आहे. धातू तापतो आणि आतला ओलावा आपोआप उडून जातो.

खरी पंचाईत झाली ती बिनधुराची दारू आल्यावर. ब्रिटिश सैन्याने कॉर्डाइट आणलं. नायट्रोग्लिसरीन आणि गनकॉटन यांची शेवयांसारखी लांब काडी, त्यात थोडी व्हॅसलीनच्या जातीची खनिज चरबी. धूर जवळजवळ नाही, काजळी नगण्य. पण जळताना उष्णता भयंकर. काळ्या दारूसाठी आखलेल्या ली-मेटफर्ड रायफलच्या उथळ, गोलसर खाचा या उष्णतेपुढे टिकेनात. म्हणून एनफिल्डच्या कारखान्याने जास्त खोल, कडा असलेल्या पाच खाचा आखल्या. त्यांचा पिळ डावीकडे, दर १० इंचांना एक फेरा. हीच ली-एनफिल्ड, आपल्या पोलिसांच्या खांद्यावर पिढ्यानपिढ्या दिसलेली थ्री-नॉट-थ्री. हिशेब केला तर तिची गोळी तोंडातून बाहेर पडते तेव्हा सेकंदाला सुमारे २९०० गिरक्या घेत असते.

खोल खाचांनी झिजेचा प्रश्न आटोक्यात आला. गंजाचा काही येईना. शिपाई नळी पुसून, तेल लावून, आरशासारखी चकचकीत करून ठेवायचा. दोन दिवसांनी पाहावं तर आत तांबूस ठिपके. पुन्हा पुसावं, पुन्हा तेच. नळीला ‘घाम’ येतो असं म्हटलं जाई. दारू जळताना आम्ल तयार होतं, ते पोलादाच्या छिद्रांत मुरतं आणि सावकाश बाहेर पडतं, अशी समजूत घट्ट बसलेली होती. त्या जोरावर नाना प्रकारची आम्लमारक तेलंही विकली गेली.

गुन्हेगार दारू नव्हतीच. तो होता काडतुसाच्या बुडाशी बसवलेल्या टोपीतला चिमूटभर मसाला. घोड्याचा फटका बसला की ठिणगी पाडणाऱ्या या मसाल्यात पोटॅशियम क्लोरेट असायचं. ते जळलं की उरतं पोटॅशियम क्लोराइड, आपल्या जेवणातल्या मिठाचं सख्खं भावंड. पावसाळ्यात बरणीतल्या मिठाला जसं पाणी सुटतं, तसंच नळीतला हा अदृश्य थर हवेतला ओलावा ओढून घेतो, आणि खारट पाण्याखाली पोलाद गंजू लागतं. वरून तेल लावून काही उपयोग नाही. मीठ तेलात विरघळत नाही, ते तेलाच्या पापुद्र्याखाली सुखाने बसून राहतं. अमेरिकेच्या ब्युरो ऑफ माइन्समधल्या विल्बर्ट हफ यांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या चतुर्थांशात हे प्रयोगाने दाखवून दिलं. कोरड्या हवेत ठेवलेल्या न पुसलेल्या नळ्या शाबूत राहिल्या, दमट हवेतल्या गंजल्या. आम्लाची गोष्ट तिथे संपायला हवी होती.

गंमत अशी, की सैन्याकडे उपाय आधीपासूनच होता. गोळीबार संपला की नरसाळ्याने नळीत उकळतं पाणी ओतायचं, ही शिस्त ब्रिटिश आणि हिंदी पलटणींत जुनी. कारण चुकीचं सांगितलं जायचं, औषध मात्र बरोबर होतं. पुढे १९२० च्या दशकात जर्मनीत आणि अमेरिकेत क्लोरेट नसलेला मसाला बाजारात आला आणि नेमबाजांची उकळत्या पाण्यातून सुटका झाली. जुन्या साठ्यातली लष्करी काडतुसं कुणी वापरली, तर त्याला आजही पाणी लागतंच.

थ्री-नॉट-थ्रीच्या दस्त्यात, बुडाकडच्या पितळी झाकणामागे, एक तेलाची कुपी आणि एक पुल-थ्रू असायचा. ज्यांनी एनसीसी केली आहे त्यांना हा शब्द पाठ असणार. एका टोकाला पितळी वजन असलेली मजबूत दोरी, तिला तीन फासे. एकात तारेची जाळी, एकात चिंदी, आणि तिसरा फासा चिंदी आत अडकली तर ती मागे ओढण्यासाठी. पुसायची चिंदी चार बाय दोन इंचांची, तेलाची चार बाय दीड. अर्ध्या इंचाचा हा फरक उगाच नाही. पुसणारी चिंदी खाचांच्या तळापर्यंत घट्ट घासली पाहिजे. तेलाची चिंदी मात्र सैल हवी, नाहीतर ती लावलेलं तेल स्वतःच पुसून नेते.

वजन चेंबरकडून, म्हणजे काडतूस बसतं त्या मागच्या टोकाकडून सोडायचं, तोंडातून बाहेर घ्यायचं आणि एका दमात सरळ ओढायचं. ‘सरळ’वर सारा भर. कॅडेट घाईत असला, की दोरी तिरकी ओढतो आणि ती नळीच्या तोंडाच्या कडेला घासते. दोरी सुती, नळी पोलादी, असं वाटतं की काय होणार. पण दोरीला वाळूचे कण चिकटलेले असतात, आणि वर्षानुवर्षं त्याच जागी घासली की तोंडाशी चक्क खोबण पडते. ब्रिटिश आर्मरर लोकांच्या तपासणीत या झिजेला स्वतंत्र नाव होतं. नळीचं तोंड ही गोळीला शेवटचा स्पर्श होणारी जागा. तिथे एका बाजूला जरा जास्त फट असली, तर मागून येणारा वायू त्या बाजूने आधी निसटतो आणि गोळीला धक्का देतो. चांगली नळी अशी साफसफाईने बाद होते. माझं तर मत आहे, की न पुसलेल्या नळ्यांइतक्याच नळ्या चुकीच्या पुसण्याने गेल्या असतील.

आजच्या नेमबाजाचं हत्यार वेगळं. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे याने २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर थ्री पोझिशन प्रकारात कांस्यपदक घेतलं. कोल्हापूरच्याच तेजस्विनी सावंत २०१० मध्ये म्युनिकला ५० मीटर प्रोनमध्ये विश्वविजेत्या झाल्या. दोन्ही प्रकार .२२ रायफलीचे. तिथला १० गुणांचा गोल १०.४ मिलिमीटर व्यासाचा, आपल्या करंगळीच्या नखाएवढा. ५० मीटरवरून तो गाठायचा, तर नळीच्या आत काय चाललंय याची खबर ठेवावीच लागते.

.२२ ची गोळी शिशाची, वरून मेणाचा किंवा तत्सम वंगणाचा हात फिरवलेली. वेग बेताचा, उष्णता कमी, म्हणून ही नळी हजारो गोळ्या सहज पचवते. गंजाचंही फारसं भय नाही, कारण वंगणाचा पातळ थर तिला झाकून असतो. त्रास होतो तो चेंबरच्या लगेच पुढे. तिथे जळका कोळसा कड्यासारखा जमत जातो आणि कडक होतो. पुढची पूर्ण नळी स्वच्छ दिसते, पण गोळी घुसतानाच ओरखडली जाते आणि लक्ष्यावर गोळ्यांचा गट पसरू लागतो. बाजारातलं सामान्य तेल या कड्यावर फारसं चालत नाही. कोळसा विरघळवणारं द्रावण थोडा वेळ मुरू द्यावं लागतं, मग कांस्याच्या ब्रशने तेवढीच जागा घासायची. पोलादी ब्रश नळीच्या जवळपासही आणू नये.

सफाईला एकसंध गज वापरतात. जोडाजोडीच्या गजाचे सांधे आत घासतात. गजाची मूठ बेअरिंगवर फिरती असते, म्हणजे चिंदी खाचांचा पिळ धरून जाते. गज नेहमी चेंबरकडून आणि मार्गदर्शक नळी बसवूनच घालायचा. चिंदी तोंडातून बाहेर आली की काढून टाकायची, मळलेली परत आत ओढायची नाही. आणि या सगळ्याच्या आधी, हत्यार रिकामं आहे हे डोळ्यांनी आणि बोटाने तपासायचं. एकदा नव्हे, दोनदा. साफसफाई करताना सुटलेल्या गोळीची बातमी वर्तमानपत्रात अधूनमधून येतच असते.

मोठ्या दारूच्या रायफलीत गोळीवर तांब्याचं आवरण असतं आणि त्याचा मुलामा खाचांत बसतो. अमोनियाच्या द्रावणाने तो निघतो आणि चिंदी निळी पडते. नवशिक्या मंडळी निळं दिसेनासं होईपर्यंत घासत बसतात, आणि निळं काही थांबत नाही. कारण ब्रशमधलंही तांबं त्याच द्रावणात विरघळत असतं. ब्रश बाजूला ठेवून नायलॉनचा घेतला की भ्रम संपतो. अमोनिया फार वेळ आत ठेवायचा नाही, पोलादालाही तो सोसत नाही.

१० मीटरच्या एअर रायफलला यातलं काहीच लागू नाही. तिथे दारूच नाही, दाबलेली हवा आहे. फेल्टच्या छोट्या गोळ्या नळीतून काढल्या की पुरे. द्रावण ओतणाऱ्याचे रबरी सील खराब होतात आणि दुरुस्तीचं बिल येतं.

पावसाळ्यात मुंबईत किंवा रत्नागिरीत राहणाऱ्याने स्पंजाच्या पेटीत किंवा चामड्याच्या म्यानात हत्यार महिनोन्महिने ठेवू नये. दोन्ही गोष्टी ओल धरतात. वातानुकूलित रेंजमधून बाहेर आणलेल्या थंड नळीवर दमट हवेत दव बसतं, तेव्हा घरी आल्यावर पेटी उघडून ती आधी खोलीच्या तापमानाला येऊ द्यावी, मग पुसावी. साठवणीसाठी तेलाचा अगदी पातळ हात पुरतो. थबथबलेल्या नळीतलं तेल चेंबरकडे आणि घोड्याच्या यंत्रणेत उतरतं.

हे तेल गोळीबाराआधी कोरड्या चिंदीने काढावंच लागतं. ओल्या नळीतून गेलेली गोळी भलतीकडे जाते, आणि तेल फार साचलं असेल किंवा चिंदी आत विसरली असेल, तर दाब वाढून नळी फुगते. इतकं करूनही नुकत्याच साफ केलेल्या .२२ मधल्या पहिल्या काही गोळ्या जागेवर बसत नाहीत. वंगणाचा थर नळीत पुन्हा बसावा लागतो. म्हणून बरेच नेमबाज स्पर्धेच्या आदल्या रात्री नळीला हातच लावत नाहीत. ज्यांनी लावलेला असतो, ते सामन्याआधीच्या तयारीच्या १५ मिनिटांतल्या बिनगुणांच्या गोळ्या त्यासाठी खर्च करतात.