मोटारसायकलच्या चाकांची झिलई व संरक्षण

मोटारसायकलच्या धातूच्या चाकांचा मळलेला, ओरखडलेला वा गंजलेला पृष्ठभाग घासून पुन्हा चकचकीत करणे आणि ती चकाकी टिकावी म्हणून त्यावर संरक्षक थर देणे, अशा दोन क्रिया या कामात येतात. यांपैकी पहिली नजरेत भरणारी असली, तरी चाकाचे आयुष्य मुख्यतः दुसरीवर अवलंबून असते. भांड्यांच्या कल्हईत तांब्यापितळेवर कथिलाचा नवा थर चढतो. झिलईत मात्र प्रत्येक वेळी मूळ धातूचा किंवा त्यावरील आवरणाचा थोडा अंश घासून जातो.

चाकांचे प्रकार : बुलेट, राजदूत, येझदी यांसारख्या जुन्या गाड्यांची चाके तारांची असून त्यांच्या पोलादी रिमवर निकेल व त्यावर क्रोमियम यांचे विद्युत् विलेपन केलेले असे. दिसणारी निळसर चकाकी क्रोमियमची असली, तरी त्याचा थर साधारणतः अर्ध्या मायक्रॉनहून जाड नसतो. गंजापासून खरे संरक्षण त्याखालील निकेलच्या कित्येकपट जाड थराकडून मिळते. एकविसाव्या शतकात ओतीव ॲल्युमिनियमच्या चाकांचा प्रसार झाला. त्यांच्यासाठी सिलिकॉन (सु. ७%) व अल्प मॅग्नेशियम असलेली मिश्रधातू सामान्यतः वापरतात. हवेशी संपर्क येताच ॲल्युमिनियमवर ऑक्साइडाचे काही नॅनोमीटर जाडीचे पटल आपोआप तयार होते व ते आतील धातूचे रक्षण करते. तीव्र अम्ले व क्षार या दोहोंतही ते विरघळते आणि क्लोराइडांमुळे त्यास बारीक खड्डे पडतात. म्हणून कारखान्यात या चाकांवर रंग किंवा पारदर्शक लॅकर देतात.

स्थानिक परिस्थिती : या कामातील अडचणींचे चांगले उदाहरण नंदुरबार जिल्ह्यात आढळते. अक्कलकुवा, मोलगी, धडगाव, तोरणमाळ या सातपुड्यातील भागांत मोटारसायकल हे प्रवासाचे व मालवाहतुकीचेही साधन आहे. घाटरस्त्यांवरील बेसाल्टची खडी व तिची पूड ॲल्युमिनियमहून कठीण असल्याने लॅकरचे टवके उडतात आणि उघड्या पडलेल्या धातूवर ओरखडे येतात. तापीच्या खोऱ्यातील काळी चिकण माती पावसाळ्यात रिमला चिकटून राहते व तिच्याखाली ओल टिकते. समुद्र दूर असल्याने येथे कोकणाप्रमाणे खाऱ्या वाऱ्याचा त्रास नाही. परंतु पोटॅश खतातील क्लोराइड आणि बोर्डो मिश्रणातील मोरचूद यांचे शिंतोडे ॲल्युमिनियमला अपायकारक ठरतात. मोरचुदातील तांबे ॲल्युमिनियमवर साचून तेथे विद्युत् रासायनिक क्रिया सुरू होते व खड्डे पडतात. मिरची, पपई, केळी यांच्या बागांतून येणारी गाडी म्हणूनच त्याच दिवशी साध्या पाण्याने धुणे इष्ट असते.

झिलईची कृती : प्रथम चाक गाडीपासून सोडवून चिखल व वंगण सौम्य साबणाच्या पाण्याने काढतात. जुने लॅकर योग्य द्रावकाने सैल करून उतरवितात. त्यासाठी दाहक सोडा वापरल्यास ॲल्युमिनियम खाल्ले जाऊन हायड्रोजन वायू सुटतो व पृष्ठभाग काळवंडतो. धुण्याचा सोडा, राख, चिंच, लिंबू हे घरगुती पदार्थ पितळेच्या भांड्यांना चालत असले, तरी चाकांसाठी टाळावेत. दसऱ्याला गाडी उजळविताना ही चूक पुष्कळदा होते.

यानंतर सिलिकॉन कार्बाइडचा पॉलिश पेपर पाण्यात भिजवून ४००, ६००, ८०० व १,२०० अशा उत्तरोत्तर बारीक क्रमांकांनी घासतात. आधीच्या कागदाच्या रेघा पूर्ण नाहीशा झाल्याखेरीज पुढचा कागद घेत नाहीत. शेवटी कापडी बफ व बारीक अपघर्षकाची वडी यांनी चकाकी आणतात. पोलादासाठी वापरलेला बफ ॲल्युमिनियमला लावू नये; त्यातील लोखंडाचे कण धातूत रुतून पुढे गंजाचे ठिपके पडतात. क्रोमियमच्या रिमवर पॉलिश पेपर मुळीच चालवीत नाहीत, कारण तो पातळ थर लगेच निघून जातो. अशी रिम धुऊन, पुसून मेण लावणे पुरेसे असते. थर सोलला असल्यास नव्याने विलेपन करावे लागते.

संरक्षण : झिलई झालेला धातू तेलकटपणा काढून कोरडा करतात व लगेच पारदर्शक लॅकर देतात. मेणाचा थर सोपा व स्वस्त असला, तरी पावसाळ्यात तो वरचेवर द्यावा लागतो. ॲनोडीकरणाने ऑक्साइडाचा जाड थर मिळतो. मात्र सिलिकॉनयुक्त ओतीव धातूवर तो करडा दिसतो. ट्यूबविरहित टायरची कड जेथे बसते, तो भाग स्वच्छ व गुळगुळीत ठेवावा लागतो, अन्यथा हवा झिरपते. मेण किंवा तेल ब्रेकच्या तबकडीवर, ड्रममध्ये अथवा टायरच्या रस्त्यावर टेकणाऱ्या भागावर लागू देत नाहीत.

दक्षता : गाडी स्टँडवर चढवून, एंजिन चालू ठेवून फिरत्या चाकाला फडके लावण्याची पद्धत अत्यंत धोकादायक आहे, फडके साखळीत वा आऱ्यांत अडकून बोटे तुटू शकतात. ॲल्युमिनियमची भुकटी ज्वालाग्राही असते, तर क्रोमियम विलेपनाच्या द्रावणातील षट्‌संयुजी क्रोमियम कर्करोगकारक आहे. ते कारागिरांच्या श्वासात व ओढ्यानाल्यांत जाऊ नये, याची काळजी घ्यावी लागते. जुना रंग ज्योतीने जाळून काढल्यास ओतीव चाकाची उष्णता-संस्कारांनी आलेली ताकद कमी होते.

झिलईने चाक मजबूत होत नाही. खोल खड्डे घासून काढताना उलट त्याची जाडी घटते आणि बारीक भेगेची कड मऊ धातूखाली दबून भेग दृष्टीआड होण्याचा संभव असतो. यास्तव आऱ्यांची मुळे, हबचा भाग व रिमची कड घासण्यापूर्वीच धुऊन तपासतात. भेग गेलेले वा वाकलेले ओतीव चाक उजळविण्याऐवजी बदलणे हाच सुरक्षित मार्ग होय.