पालघर शोधायचं तर ठाण्यात

गैरसमज: गुगलवर आलं नाही, म्हणजे माहितीच नाही.

'पालघर जिल्ह्यावर काही मिळतच नाही हो, सर.' इथल्या महाविद्यालयांच्या स्टाफरूममध्ये ही तक्रार ठरलेली. मिळणार कसं? जिल्हाच झाला १ ऑगस्ट २०१४ रोजी. त्याआधीची कागदपत्रं ठाण्याच्या नावावर आहेत. २०११ च्या जनगणनेत हा जिल्हा नव्हता. त्या जनगणनेची म्हणून आपण सांगतो ती २९ लाख ९० हजार ११६ ही लोकसंख्या आठ तालुक्यांची नंतर केलेली बेरीज. १४ ऑगस्ट १९४२ च्या पालघर गोळीबारात पाच जण हुतात्मा झाले, त्याचे जुने संदर्भसुद्धा 'ठाणे' टाकूनच शोधायचे. १८८२ च्या ठाणे गॅझेटियरमध्ये तर पालघर गावाचा भाग माहीम तालुक्यात आहे, आणि ते माहीम केळव्याजवळचं, मुंबईचं नव्हे. वारल्यांच्या १९४५ च्या लढ्यावर काम करताय? त्यात येणारं उंबरगाव आज गुजरातेत असलं, तरी तेव्हा ते ठाणे जिल्ह्यातच होतं; म्हणजे शोध पुन्हा ठाण्यातच.

तारापूरचं दुखणं आणखी वेगळं. कारखाने बोईसरला खेटून, पण एमआयडीसीचं नाव तारापूर. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या निर्देशांकात ९३.६९ गुण 'मिळवून' प्रदूषणात देशात पहिला आलेला औद्योगिक पट्टा सरकारी कागदांत तारापूर म्हणूनच आहे. बातम्यांत बरेचदा बोईसर. नुसतं 'तारापूर' टाकलं, तर बिहारातल्या मुंगेरचं आणि गुजरातेतल्या आणंदचंही तारापूर समोर येतं. अशा वेळी 'तारापूर एमआयडीसी' हे शब्द अवतरणचिन्हांत टाकावेत, नको त्या शब्दाआधी उणे चिन्ह लावावं, आणि मग तोच शोध 'बोईसर' घालून पुन्हा करावा. एका शोधात भागत नाही, आणि त्यात कमीपणाही नाही.

गैरसमज: मराठीत ऑनलाइन काही नाही.

मराठी विश्वकोश आहे, राज्याची गॅझेटियर्स आहेत. अडचण टंकलेखनाची. श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर युनिकोडमध्ये शोधला तर सापडत नाही. पुस्तकाची पानं नुसती स्कॅन केलेली असतील, तरी तीच गत. म्हणून इंग्रजी स्पेलिंगनेही शोधावं. 'वारली' इंग्रजीत डब्ल्यूने लिहितात, तसं व्हीनेही लिहितात.

गैरसमज: गुगल स्कॉलरवर दिसला, म्हणजे लेख तपासलेला.

गुगल स्कॉलर यंत्राने गोळा केलेली सूची आहे. तिथे नामांकित नियतकालिकं आहेत, तसेच पैसे घेऊन आठवड्यात पेपर छापणारेही आहेत. पदोन्नतीसाठी पेपर हवा असतो, तेव्हा हा फरक बघायला कुणाला सवड नसते, हे खरं दुखणं. चांगल्या नियतकालिकाचं नाव आणि क्रमांक चोरून उघडलेली नकली संकेतस्थळंही निघाली. यूजीसीने २०१८ मध्ये आणलेली मान्य नियतकालिकांची 'केअर' यादी २०२५ मध्ये बंद केली. म्हणजे पारख आता प्राध्यापकाने आणि महाविद्यालयानेच करायची. संपादक मंडळावरच्या माणसाचं नाव त्याच्या विद्यापीठाच्या पानावर आहे का, हे पाहायला पाच मिनिटं पुरतात.

गैरसमज: चॅटजीपीटीने संदर्भ दिला, म्हणजे तो आहेच.

अशी साधनं लेखक, शीर्षक, वर्ष, पान क्रमांक असा सगळा थाट रचून अस्तित्वात नसलेला लेखही देतात. न्यूयॉर्कमध्ये वकिलांनी अशाच बनावट खटल्यांचे दाखले न्यायालयात दिले. जून २०२३ मध्ये ५,००० डॉलर दंड बसला. विषय समजून घ्यायला, शोधशब्द सुचवायला विचारा जरूर. संदर्भ मात्र मूळ लेख उघडून, वाचून मगच द्यावा.

गैरसमज: चांगले लेख पैसे भरल्याशिवाय मिळत नाहीत.

हा सगळ्यात महागात पडणारा. गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट या संस्थेची एन-लिस्ट योजना २०१० पासून महाविद्यालयांसाठी आहे. सभासद महाविद्यालयाच्या प्राध्यापकाला वेगळं लॉगिन मिळतं आणि हजारो ई-नियतकालिकं, लाखाच्या वर ई-पुस्तकं घरबसल्या उघडतात. त्याच संस्थेच्या 'शोधगंगा'वर देशभरातले पीएचडीचे प्रबंध आहेत, तेही फुकट आणि लॉगिनशिवाय. ठाण्यातल्या आदिवासींवर, तारापूरच्या पाण्यावर कुणी आधी काय लिहिलंय, हे विद्यार्थ्याला विषय देण्याआधी तिथे पाहता येतं.

एन-लिस्टचा पासवर्ड नसेल किंवा विसरला असाल, तर ग्रंथपालांकडे आजच मागा. तो देणं त्यांच्या कामाचाच भाग आहे.