शपथ नको, सोबत हवी

आमच्या मोठ्या काकांची बिडी सुटावी म्हणून घरातल्या प्रत्येकाने आपापला उपाय करून पाहिला. काकूंनी देवापुढे शपथ घ्यायला लावली. आजीने अबोला धरला. आम्ही मुलं त्यांच्या सदऱ्याच्या खिशातला कट्टा काढून परसात पुरून टाकायचो. काका काही न बोलता नवा कट्टा आणायचे. हळूहळू ते घरात ओढेनासे झाले आणि गोठ्यामागे जाऊन ओढू लागले. शपथ मोडल्याचं कुणाला दिसू नये एवढंच त्यांनी साधलं होतं. इतक्या वर्षांत एकानेही त्यांना म्हटलं नाही की ‘डॉक्टरांना विचारू या, मी येतो बरोबर.’ अशी मदत मिळते हेच आम्हाला ठाऊक नव्हतं. घरच्यांच्या मनात घट्ट बसलेले काही समज म्हणूनच तपासून बघायला हवेत.

‘सारखं बोलत राहिलं की कधीतरी सुटेल’

बोलणाऱ्याच्या पोटात माया असते, यात शंका नाही. पण शेल्डन कोहेन आणि एडवर्ड लिक्टेन्स्टाइन या संशोधकांनी १९९०मध्ये सिगारेट सोडू पाहणाऱ्यांच्या जोडीदारांचं वागणं तपासलं, तेव्हा वेगळंच चित्र दिसलं. जिथे शाबासकी, धीर आणि सोबत यांचं पारडं टोमणे, पाळत आणि कटकटीपेक्षा जड होतं, तिथे सोडलेली सिगारेट सुटलेली राहण्याचं प्रमाण जास्त होतं. ‘किती झाल्या आज?’ हा प्रश्न आपल्याला काळजीचा वाटतो, समोरच्याला तो झडतीसारखा लागतो.

दुसरं म्हणजे, आपण जे सांगतो ते त्याला आधीच माहीत असतं. पाकिटाच्या मोठ्या भागावर कर्करोगाचं चित्र छापलेलं असतं. २०१६-१७च्या राष्ट्रीय तंबाखू सर्वेक्षणात धूम्रपान करणाऱ्या ५५.४ टक्के भारतीयांनी सोडण्याचा विचार किंवा बेत असल्याचं सांगितलं होतं. म्हणजे ज्याला आपण निगरगट्ट समजतो, तो मनातून बहुधा आपल्याच बाजूचा असतो. अडतं ते पुढच्या पायरीवर. २०१२मध्ये पॉल अॅव्हेयार्ड आणि सहकाऱ्यांनी अनेक अभ्यास एकत्र तपासले. डॉक्टरांनी ‘तब्येतीसाठी सोडा’ असा सल्ला देण्यापेक्षा ‘सोडायला मदत करतो’ असं म्हटलं, तर प्रयत्न करणाऱ्यांची संख्या जास्त भरली. हे डॉक्टरांबद्दलचं निरीक्षण आहे, पण घरालाही ते लागू पडेल असं मला मनापासून वाटतं. ‘बाबा, सोडा ना आता’ याऐवजी ‘बाबा, शनिवारी मला सुट्टी आहे, जिल्हा रुग्णालयातल्या तंबाखूमुक्ती केंद्रात जाऊन येऊ’ असं म्हणून बघा. यात दिवस ठरलेला आहे, ठिकाण ठरलेलं आहे आणि सोबतही आहे.

‘मनावर घेतलं तर सुटतं, नाही घेत म्हणून सुटत नाही’

सगळ्यांत जास्त नुकसान या समजाने केलंय. धुरातलं निकोटिन काही सेकंदांत मेंदूपर्यंत पोहोचतं. वर्षानुवर्षं दिवसातून अनेकदा हे घडलं की मेंदूची घडणच तशी होते, आणि मग निकोटिन मिळालं नाही की तलफ, बेचैनी, चिडचिड, झोपमोड सुरू होते. कुठल्याही आधाराशिवाय सोडणाऱ्यांपैकी सहा महिने ते वर्षभर टिकणारे शंभरात तीन ते पाचच असतात. बाकीच्यांना कमकुवत मनाचे ठरवणं अन्याय आहे. दमेकऱ्याला ‘मनावर घे, दम लागणार नाही’ असं आपण म्हणत नाही.

आधार घेतला तर हे आकडे बदलतात. निकोटिनचे गम किंवा पट्ट्या वापरल्याने यशाची शक्यता साधारण दीडपट होते. व्हरेनिक्लिन किंवा ब्युप्रोपिऑन या गोळ्या डॉक्टर प्रकृती पाहून देतात. त्याला समुपदेशनाची जोड मिळाली तर आणखी बरं. राष्ट्रीय तंबाखू क्विटलाइनचा १८००-११-२३५६ हा क्रमांक मोफत आहे. तिथले समुपदेशक सवयीची चौकशी करतात, सोडण्याचा दिवस ठरवायला मदत करतात आणि नंतर स्वतः फोन करून विचारपूस करतात. २०१८पासून हा क्रमांक पाकिटांवरही छापला जातो. पण टपरीवर सुटी सिगारेट घेणाऱ्याच्या हातात पाकीट येतच नाही. महाराष्ट्रात २०२०पासून सुट्या विक्रीला बंदी आहे, तरी ती कशी चालते ते आपण रोज पाहतो. त्यामुळे तो क्रमांक त्याच्यापर्यंत नेणं हे घरच्यांचं आणि मित्रांचं काम. नुसता पाठवू नका, तो फोन लावत असताना शेजारी बसा.

‘गम म्हणजे एक व्यसन जाऊन दुसरं’

कर्करोग होतो तो मुख्यतः धुरातल्या डांबरामुळे आणि इतर विषारी रसायनांमुळे. गममध्ये मोजकं निकोटिन असतं, धूर नसतो, आणि ते टप्प्याटप्प्याने कमी करत बंद करायचं असतं. दोन मिलिग्रॅमचं गम चिठ्ठीशिवाय मिळतं. उठल्यावर अर्ध्या तासाच्या आत पहिली सिगारेट लागत असेल, तर चार मिलिग्रॅमचं लागतं आणि त्यासाठी डॉक्टरांची चिठ्ठी हवी. बरेच जण ते साध्या च्युइंगगमसारखं भराभर चघळतात, उचकी लागते, मळमळतं, आणि ‘काही उपयोग नाही’ म्हणून टाकून देतात. ते सावकाश चावायचं, चरचरलं की गालात धरून ठेवायचं, थोड्या वेळाने पुन्हा चावायचं. आधीची पंधरा मिनिटं आणि तोंडात असताना चहा-कॉफी नको, नाहीतर निकोटिन नीट शोषलं जात नाही.

‘सोडल्यापासून इतका चिडका झालाय, त्यापेक्षा ओढलेली बरी’

हे वाक्य तोंडातून जाऊ देऊ नका. पहिले दोन-तीन दिवस सगळ्यांत कठीण असतात आणि दोन ते चार आठवड्यांत त्रास बराच ओसरतो. त्या दिवसांत पाहुणे, घरातले हिशेब, जुनी भांडणं पुढे ढकलता आली तर ढकलावीत. आणखी एक गोष्ट फारशी कुणाला माहीत नसते. धुरामुळे शरीरातल्या कॅफीनचा लवकर निचरा होतो. सिगारेट बंद झाली की तोच चार कपांचा चहा जास्त चढतो, धडधड आणि बेचैनी वाढते. घरच्यांनी सगळ्यांचाच चहा निम्मा केला तर आपण एकटेच पथ्य पाळतोय असं त्याला वाटणार नाही. शिवाय चहा-सिगारेटची जोडी फुटते. न ओढणारा मित्र इथे फार कामाचा: टपरीऐवजी कँटीनमध्ये चहाला नेणारा. तलफ काही मिनिटांची असते. तेवढा वेळ बोलत राहिला तरी पुरे.

‘बिडीच तर ओढतात’ असंही म्हटलं जातं. बिडीत पान असलं तरी तंबाखूच असते, आणि ती विझू नये म्हणून झुरके वरचेवर आणि जोरात घ्यावे लागतात. बाल्कनीत ओढली तरी धूर घरात येतो, ही गोष्ट वेगळी सांगायला नकोच.

‘आता या वयात सोडून काय मिळणार’

रिचर्ड डॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ब्रिटिश डॉक्टरांचा १९५१पासून पन्नास वर्षं पाठपुरावा केला. २००४मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, चालू ठेवणाऱ्यांच्या तुलनेत तिसाव्या वर्षी सोडणाऱ्यांना सुमारे दहा, चाळिसाव्या वर्षी नऊ, पन्नासाव्या वर्षी सहा आणि साठाव्या वर्षीही तीन वर्षांचं आयुष्य जास्त मिळालं. तीन वर्षं म्हणजे नातीचं लग्न बघणं असू शकतं. आमच्या काकांना साठी लागली तेव्हा आम्ही त्यांच्या मागे लागणंच सोडून दिलं होतं. ती चूक आजही सलते.

‘एक ओढली म्हणजे गेलं सगळं’

कायमची सुटेपर्यंत अनेकांना अनेकदा प्रयत्न करावे लागतात. शपथेचा तोटा नेमका इथे होतो: ती मोडली की माणूस लाजेने लपवू लागतो, आणि लपवणारा मदत मागत नाही. ओढणाऱ्या बायकांच्या वाट्याला तर ही लाज दुप्पट येते, त्यांच्याशी चारचौघांत नव्हे, एकटं असताना बोलावं. घसरलेल्याला ‘मला माहीतच होतं’ असं म्हणण्यापेक्षा विचारा, ‘कुठे होतास तेव्हा? कोण होतं बरोबर? मधले अकरा दिवस कसे काढलेस?’ त्याचं उत्तर समुपदेशकाला पुढच्या फोनवर सांगता येईल, आणि गमचा डोस कमी पडत होता का, तेही त्यातून कळेल.